दोन उपाशी सिस्टर

पनवेलजवळच्या कोन गावात मैनाबाईंनी वरच्या मजल्यावरची खोली दिली खरी, पण एका महिन्याच्या बोलीवर. "म्हयनाभर बघीन. बऱ्या वागलाव तर ऱ्हावा, नाय तर पिशव्या भरा," असं त्यांनी गेटवरच सुनावलं होतं. अरुंधतीने मान डोलावली होती. दुसरा उपायही नव्हता. त्याआधी पाच घरांनी तिच्या आणि तिच्या जोडीदारणीच्या छातीवरचा काळा बिल्ला वाचून दार लावून घेतलं होतं.

अरुंधतीच्या बिल्ल्यावर 'सिस्टर लोंढे' असं लिहिलेलं होतं आणि खाली त्यांच्या चर्चचं लांबलचक नाव होतं. लोक सोपं करून मॉर्मन म्हणतात. अरुंधती एकोणीस वर्षांची, पिंपरीची. दीड वर्षासाठी घरदार सोडून मिशनवर, म्हणजे धर्मसेवेला आलेली. तिची जोडीदारीण सिस्टर मुप्पिडी राजमहेंद्रीची. दोघींनी एकमेकींना नजरेआड होऊ द्यायचं नाही हा मिशनचा नियम, त्यामुळे एक भाजीला निघाली की दुसरीही पिशवी घेऊन मागे. आधी गावाला याची गंमत वाटली, मग सवय झाली.

पनवेलमध्ये त्यांच्या चर्चची जेमतेम चार कुटुंबं. दर रविवारी ती पोराबाळांसह खाडीपलीकडे प्रार्थनेला जायची. आता पहिल्यांदाच त्यांच्यासाठी दोन सिस्टर इथे राहायला आल्या होत्या, आणि नवीन पनवेलात एका कुटुंबाच्या हॉलमध्ये रविवारची सभा भरू लागली होती. खोली टिकली तर हे सगळं टिकणार होतं. नाही तर दोघींना परत बोलावणार आणि पनवेल बंद, असं मिशनच्या प्रेसिडेंटनी स्पष्टच सांगितलं होतं. अरुंधती मुळातच मानी. "आई, या गावात आपल्या चर्चचं पहिलं पाऊल माझं आहे," असं तिने घरी फोनवर सांगितलं, तेव्हा तिची मान इतकी ताठ झाली होती की मुप्पिडी हसली.

पण पहिल्याच दिवशी माशी शिंकली. मैनाबाईंनी चहा पुढे केला आणि दोघींनी हात जोडले. त्यांच्या धर्मात चहा चालत नाही. मैनाबाईंनी कपबशी उचलली, ती जरा जास्तच वाजली. त्यांचा मुलगा धनेश. त्याचे ट्रेलर द्रोणागिरीच्या गोदामांकडे चालायचे. तो म्हणाला, "आय, ही लोका बाटवतान." मैनाबाई आडपडदा न ठेवणाऱ्या. त्यांनी तोंडावरच विचारलं, "काय गो, बाटवता काय तुमी?"

"कुणी विचारलं तर सांगतो, मावशी. न विचारता कुणाचं दार वाजवायची आम्हांला परवानगी नाही," अरुंधती म्हणाली.

"मंग मी नाय विचारणार," मैनाबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

महिना संपायला पाच दिवस उरले होते. त्या रविवारी धनेशच्या मुलीची, समृद्धीची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे सगळा गाव जेवायला, आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला आळीतल्या सगळ्या बाया. या दोघीही सकाळची सभा आटोपून आल्या आणि ओढण्या खोचून बसल्या. अरुंधतीचा हात ज्वारीवर बसलेला. उकड काढलेल्या तांदळाच्या पिठाने तिला घाम फोडला, पहिल्या तीन भाकऱ्या हातातच फाटल्या. मुप्पिडीची भाकरी मात्र पहिलीच टम्म फुगली. बाया म्हणाल्या, "ही आपलीच हाय!" मुप्पिडीला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे कळलं.

नेमका तो महिन्यातला पहिला रविवार होता. या दिवशी त्यांच्यात उपास असतो, पाण्याचा थेंबही न घेता, शनिवारच्या जेवणापासून रविवारच्या जेवणापर्यंत. आणि उपास करताना तोंड पाडून फिरायचं नाही, जगाला दाखवायचं नाही, ही शिकवण. अरुंधतीने आठव्या वर्षापासून एकही उपास मोडला नव्हता आणि कुणाला कळूही दिला नव्हता. याचा तिला केवढा तरी अभिमान होता. म्हणून ती केसांना तेल लावून, हसतमुखाने भाकऱ्या थापत होती. सरबत आलं, "नंतर घेते." भजी आली, "नंतर घेते." चुलीच्या धगीने जीभ टाळूला चिकटली होती, पण ही बया हसतेच आहे!

तीनच्या सुमारास पहिली टोपली भरली. मैनाबाईंच्या घरची रीत अशी, की पाहुण्यांना वाढण्याआधी एक भाकरी मोडून थापणाऱ्या प्रत्येक हातावर तुकडा ठेवायचा. मैनाबाईंनी अरुंधतीच्या हातावर तुकडा ठेवला. तिने तो कपाळाला लावला आणि हळूच फडक्याखाली सरकवला. मैनाबाईंनी ते पाहिलं.

"चाय नको, सरबत नको, आता घासपण नको?" त्यांचा आवाज मांडवाबाहेर गेला. "आमच्या हातचा चालत नाय काय तुमाला? सोताला समजता कोण?"

सगळे हात थांबले. धनेश दारात येऊन म्हणाला, "मी बोललेलो, आय."

"उद्याच खोली खाली करा," मैनाबाई म्हणाल्या.

अरुंधतीचा चेहरा उतरला. पनवेल गेलं. चार कुटुंबं पुन्हा खाडीपलीकडे. आणि कशापायी? दाखवू नका असं शिकवलंय, पण या बाईचा अपमान करा असं कुणी शिकवलंय? गुप्त राखायची सगळी हौस तिची स्वतःची होती. मुप्पिडीने तिला कोपर मारलं. "बोल दो," ती म्हणाली.

"मावशी, आमचा उपास आहे," अरुंधती म्हणाली. "निर्जळी. काल संध्याकाळी सातपासून. सांगायचा नसतो, म्हणून लपवला. चुकलं माझं."

"निर्जळी? आन दुपारधरनं चुलीपुढं?" मैनाबाई बघतच राहिल्या. "कनाच्यासाठी गो?"

अरुंधतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दर उपासाला देवाकडे काही मागतो. या वेळी ही खोली राहावी म्हणून."

मग मैनाबाई खाली बसल्या. "माझ्या खोलीसाठी उपाशी ऱ्हायलीस, आन माझीच भाकर लपवलीस? येडी काय गो तू?" फडक्याखालचा तुकडा त्यांनी शोधून काढला, मुप्पिडीचाही मागून घेतला, आणि स्वतःचा न खाल्लेला तुकडा त्यांत घालून तिन्ही एका डब्यात बंद केले. "सातला खाऊ. तिघी."

"तुम्ही कशाला, मावशी?"

"माझी खोली हाय," मैनाबाई म्हणाल्या आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

साडेसहाला डीजे सुरू झाला. गावातली खिडकी न् खिडकी थरथरायला लागली. बरोबर सातला मैनाबाई डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन मांडवाच्या कडेला आल्या. उपास सोडण्याआधी प्रार्थना करायची असते, असं अरुंधती त्यांच्या कानात ओरडून सांगत होती. मैनाबाईंनी धनेशला नुसती खूण केली. धनेशने आईकडे पाहिलं, त्या दोघींच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि जाऊन डीजे बंद केला. कोनच्या हळदीत नाचत्या पोरांपुढे डीजे बंद! असं आजवर झालं नव्हतं. पोरं ओरडायला लागली तर धनेशच गरजला, "दोन मिनिटा गप ऱ्हावा!"

दोघींनी मान खाली घातली. अरुंधती मराठीत प्रार्थना करत होती. पहिलं नाव तिने समृद्धीचं घेतलं, दुसरं मैनाबाईंचं.

नवरदेवाकडच्या एका बाईने विचारलं, "या कोण हो?"

"आमच्या वरच्या पोरी," मैनाबाई म्हणाल्या. पदर सावरून त्या अशा ताठ उभ्या राहिल्या, जणू दोघींना त्यांनीच वाढवलं होतं. "पाण्याचा थेंब न घेता दोन टोपल्या भाकरी थापल्यान. हाय कोन तुमच्यात असा?"

डीजे पुन्हा सुरू झाला. तांदळाची भाकरी इतकी गोड असते हे अरुंधतीला आजच कळलं. घास गिळून ती मैनाबाईंच्या कानाशी वाकली. "मावशी, शुक्रवारी महिना संपतो."

"कंचा म्हयना?" मैनाबाई म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.