घड्याळजीने नेलेली पुस्तकं

ग्रंथपालताई माणूस पुस्तकांवरून ओळखत. सासूशी पटत नसलं की सून पाकशास्त्र नेते, नोकरी जायच्या बेतात असली की पुरुष व्यक्तिमत्त्व विकासाकडे वळतात. हा ताईंचा हिशेब आजवर चुकला नव्हता. म्हणून घड्याळजीने त्यांच्या धाकट्या बहिणीला मागणी घातली तेव्हा ताईंनी घर विचारलं नाही, कमाई विचारली नाही. त्याने वाचनालयातून काय काय नेलं ते आठवून पाहिलं आणि त्या तडक बहिणीकडे गेल्या.

"गरोदरपणात घ्यायची काळजी! एकट्या पुरुषाला कशाला गं हवी? शिवाय परीकथा. म्हणजे एक पोर आहे आणि दुसरं वाटेवर."

धाकटी मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवून बांधायची. चाळिशी ओलांडलेली, तोलूनमापून बोलणारी. दाभण चालूच ठेवून तिने विचारलं, "आणखी काय नेलं?"

"खुनाच्या रहस्यकथा. त्यावर मृत्युपत्र कसं करावं! तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतंय ना. आज संध्याकाळी हो सांगणार होते."

"अजिबात नाही."

दाभण थांबलं. "आधी त्यांना विचार तरी, ताई."

संध्याकाळी घड्याळजी आला. ताई कपाटाआडून बघत राहिल्या. नव्या पुस्तकांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मधमाशीपालनावरचं एक जुनं पुस्तक काढलं, पाठ चाचपली, इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. मग बडबडगीतं काढली. पुन्हा भिंग.

ताई पुढे झाल्या. "यातलं एक तरी वाचता का हो?"

"नाही," घड्याळजी दचकून म्हणाला.

"मग ते गरोदरपण कोणासाठी?"

त्याचे कान लाल झाले. "घरी कोणी नाही हो. मी फक्त निळ्या पाठीची नेतो. तुमच्या बहिणीने बांधलेली. गाठ कुठे दिसत नाही, पान पुरतं उघडतं... काम करताना समोर ठेवतो."

ताईंनी कपाटाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या नावंच वाचत आल्या होत्या. परीकथा, बाळंतपण, खून, मृत्युपत्र: लोकांनी हाताळून हाताळून फाडलेली सगळी निळ्या पाठीची. ते निळं कापडही ताईंनीच आणलेलं.

पण इतक्यात हार मानतील तर त्या ताई कसल्या! "पाकशास्त्राचीही पाठ निळीच आहे. ते का नाही नेलं कधी?"

"ते जागेवर सापडतं कुठे?"

हे मात्र खरं होतं.

मागच्या खोलीचं दार उघडलं. धाकटीच्या हातात पाकशास्त्र होतं, खळ जेमतेम वाळलेली.

"पुन्हा फाटून आलं होतं. आत्ताच बांधलं," ती घड्याळजीला म्हणाली. "घेऊन जा. पण हे वाचायचं. मला स्वयंपाक येत नाही."

घड्याळजीने भिंग खिशात टाकलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"थांबा," ताई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक मध्येच घेतलं, उलटं धरून दोनदा झटकलं. आतून चिठ्ठीबिठ्ठी काही पडली नाही, तेव्हा कुठे त्यांनी शिक्का मारला.