डोकेदुखीची रांग

माझ्या लेकीला, बिनतीला, जुळं झालं, त्या साली माघात माझी धाकटी जाऊ अष्टमी मला सगळं बोलली. बोलली तीही रायमंगल नदीत, कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उभं राहून कोळंबीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, धरताना. पाण्यात कुणी ऐकत नाही.

"दीदी, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. आता चार महिने परत लाल जातंय. वासही येतो."

खाज, पांढरं जाणं आम्हा साऱ्याजणींना होतं. त्याला आम्ही दुखणं म्हणतच नव्हतो. पण हे वेगळं होतं. माझी आई अशीच गेली होती.

दवाखान्याची लाँच आमच्या खाडीत फक्त पौर्णिमेच्या उधाणावर शिरते. कोळंबीचं बीही त्याच भरतीला येतं. म्हणून बायका सहसा जात नसत. या वेळी मी अष्टमीचं जाळं काढून घेतलं आणि तिला लाँच लागते त्या बांधावर नेलं.

कंपाउंडर मोठ्यानं विचारायचा, "काय होतंय?" पलीकडे पुरुष विड्या ओढत बसलेले, त्यांत तिचा नवरा निताई.

"डोकं दुखतं," अष्टमी म्हणाली.

तिला डोकेदुखीच्या रांगेत बसवलं. गोळ्या दिल्या की घरी. मी चिमटा काढला. ती कुजबुजली, "पुढच्या पुनवेला सांगते."

तेवढ्यात तांडेल ओरडला, "ओहोटी लागली! आवरा, नाहीतर गाळात बसू!" दोर सुटायला लागले. पाणी बांधापासून वीतभर खाली गेलं होतं.

मी लाँचच्या फळीवर चढले आणि आत ओरडले. "डॉक्टरीणबाई, हिला डोकंबिकं काही नाही! पाळी गेलेली, तरी खालून रक्त जातंय, चार महिने!"

बांधावरचे सारे वळून बघायला लागले.

"वहिनी, लाज विकलीत काय?" निताई उठला.

"मेले ना मी आता, दीदी," अष्टमी म्हणाली आणि पदर तोंडावर ओढला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी तिचं मनगट धरलं. "दोर बांधा परत."

"बाई, लाँच रुतेल!"

"रुतू दे."

आणि रुतलीच. पडद्याआड अष्टमी माझा हात इतका आवळत होती की बांगडी फुटली. बाईंनी हातमोजे उतरवले. मग म्हणाल्या, "गाठ आहे. अजून लहान वाटते. तपासून खात्री करू, पण पुनवेची वाट बघायची नाही. उद्याच कोलकात्याला."

आम्ही बाहेर आलो तेव्हा डोकेदुखीच्या रांगेतल्या तिघीजणी पडद्यापाशी येऊन बसल्या होत्या. कंपाउंडरनं कुणालाच काही विचारलं नाही.

फाल्गुनात पिशवी काढली, मग किरणांचे शेक दिले. निताईच बरोबर राहिला. अष्टमी मात्र माझ्याशी वर्षभर बोलली नाही. भर बांधावर ओरडले ते तिनं कधी माफ केलं नाही.

अष्टमी वारली ती अकरा वर्षांनी, कार्तिकात, छातीत कळ येऊन. त्या दुखण्यानं नाही.