दुसरा फोन

मित्रांनो, मी एक जुना, काळा, चकती फिरवायचा टेलिफोन आहे. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, दारातून आत आल्यावर उजव्या हाताला काचेचे कपाट आहे, त्यात मला ठेवले आहे. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे: 'सत्याचा आवाज'. माझी वायर मात्र मागून कापलेली आहे. गळा कापायचा आणि वर गायक म्हणून सत्कार करायचा, अशातला हा प्रकार. पण तक्रार कुणाकडे करणार? मला आता कुणी उचलतही नाही.

माझा जन्म कारखान्यातला. अंग साच्यात ओतले, पोटात घंटा बसवली आणि शेवटी एका तपासनिसाने माझा रिसीव्हर कानाला लावून "ठणठणीत आहे" असा शेरा दिला. रिसीव्हर बराच जड होता. पुढे एकदा दोन बातमीदारांची हातघाई झाली तेव्हा त्यातल्या एकाने तो उगारलाही होता, पण मारला नाही. मारला असता तर बातमी दुसऱ्या पेपरात आली असती.

कचेरीत माझी जागा होती बातमीदारांच्या लांब टेबलाच्या टोकाला. तिथे मास्तर बसत. ते होते मुख्य उपसंपादक. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते, पण पेपरात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला तेच शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची शाळा भरायची दुपारी, कामाची घाई सुरू होण्याआधी. खडू नाही, पुस्तक नाही. समोर मी आणि एक रिकामी खुर्ची.

त्यांचा एक नियम होता आणि त्यावर तडजोड नव्हती. बातमी लिहून झाली की ती ज्या माणसावर आहे त्याला फोन करायचा आणि बातमी अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायची. पहिला फोन माहितीसाठी, दुसरा त्या माणसासाठी. दुसरा फोन झाल्याशिवाय बातमी पुढे जात नसे, मग ती मंत्र्याची असो की मांजराची.

"आणि त्याने शिव्या दिल्या तर?" नवखे विचारायचे.

"ऐकायच्या. शिव्यांच्या मधेमधे माणूस खरं बोलतो," मास्तर म्हणायचे. "तो सांगेल ते छापायलाच हवं असं नाही. पण त्याचं ऐकल्याशिवाय छापायचं नाही."

आमची ताई याच खुर्चीत शिकली. आज ती संपादक आहे, पण पहिल्या दिवशी ती मला चक्क घाबरली होती. अग्निशमन दलाच्या प्रमुखांना फोन लावला, तिकडून "बोला" ऐकू आले आणि हिने रिसीव्हर आपटला. सगळे टेबल हसले. मास्तर हसले नाहीत. "फोन चावत नाही गं. लाव परत," एवढेच म्हणाले. तिने लावला. तिच्या घामेजलेल्या तळव्याचा ओलावा मला अजून आठवतो.

मित्रांनो, टेलिफोनला दोन्ही बाजू ऐकू येतात. हे भाग्य माणसाला नाही. एकदा ताईने एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंवर बातमी लिहिली होती. बाईंनी गाडीभर पुस्तके रद्दीत विकली, साक्षीदार होते, रद्दीवाल्याने कबूलही केले होते. ताईने दुसरा फोन लावला आणि वाचू लागली. तिकडे बाई रडू लागल्या. छत गळत होते, पुस्तके कुजली होती, वरिष्ठांना सांगून सांगून त्यांच्या जिभेला फोड आले होते. ताईने बातमी फाडली आणि छतावर नवी लिहिली. छत दुरुस्त झाले. बाईंनी मुद्दाम फोन करून आभार मानले, तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "हा आपल्या पेपरचा कान आहे," ते म्हणाले. मी तेव्हा इतका फुशारलो की पुढचे चार फोन जरा जोरातच वाजवले.

मास्तर निवृत्त झाले आणि शाळा ताईकडे आली. त्यांच्यासारखीच ती दुपारी नवख्यांना घेऊन बसे. तिच्या मनात मोठी गोष्ट होती. शिकवण्यासाठी वेगळी खोली हवी, बाहेरगावच्या बातमीदारांनाही तिथे शिकता यावे, आणि दुसरा फोन हा एका म्हाताऱ्याचा हट्ट न राहता पेपरची रीत व्हावी. पण साध्या उपसंपादकाचे कोण ऐकणार?

अशात पत्रकारांना नेतृत्वाचे शिक्षण देणाऱ्या एका मोठ्या संस्थेने आमच्या पेपरला एक जागा दिली. मालकांनी ताईला पाठवायचे ठरवले. परत आली की संपादकपद तिचेच, हेही सांगितले. कचेरीत आनंदीआनंद झाला. मलाही वाटले, आता ताई मोठी होणार आणि तिच्याबरोबर शाळाही मोठी होणार. मी साधाभोळा काळा टेलिफोन, मला काय कळणार!

ताई गेली आणि शाळा बंद पडली. नवखे आपापल्या मोबाइलवर कामाला लागले. मग कचेरीचे नूतनीकरण निघाले, लांब टेबल मोडीत गेले आणि एक माणूस पक्कड घेऊन माझ्याकडे आला. मी भंगारात जाणार होतो, पण मालकांना माझा आकार आवडला. अशा रीतीने मी या कपाटात आलो. शेजारीच शिकवणीची खोली झाली. ताईला हवी होती तशी, गुबगुबीत खुर्च्यांची.

ताई परतली ती संपादक होऊन. आत शिरताच तिने मला काचेआड पाहिले आणि तशीच मालकांकडे वळली.

"हा इथे काय करतोय? मला नव्या मुलांचा वर्ग सुरू करायचाय."

"करा की! खोली त्यासाठीच बांधलीय," मालक म्हणाले. "बाहेरून माणसं बोलवा, हवं ते शिकवा. फक्त तो दुसरा फोन तेवढा नको."

"का?"

"अहो, आपण वाचून दाखवत बसतो आणि बातमी तोवर चार ठिकाणी झळकते. तुम्हीच सांगा, वर्ग हवा की फोन?"

ताईने शेजारच्या नव्या खोलीकडे पाहिले. मग म्हणाली, "ठीक आहे. आधी वर्ग तर सुरू होऊ दे."

मी काचेतून तिचा चेहरा पाहत होतो. तिला खरेच वाटत होते की खोली हातात आली की फोन मागाहून आणता येईल. थोडे सोडून बरेच मिळवायचे, असे तिला त्या संस्थेत शिकवले होते. मला तेव्हाच रडू आले, पण माझ्या पोटात घंटेशिवाय काही नाही आणि तीही मुकी झाली होती.

वर्ग झोकात सुरू झाला. मथळा कसा करावा, व्हिडिओ कसा कापावा, सभेत कसे बोलावे, सहकाऱ्यांना कसे सांभाळावे, सगळे शिकवले जाई. वर्ग संपला की मुले माझ्यासमोर उभी राहून फोटो काढत. दुसऱ्या फोनची गोष्ट ताई कधीकधी सांगायची. मुले ती आजीची गोष्ट ऐकावी तशी ऐकत.

एका दुपारी एक धिप्पाड माणूस कचेरीत आला. त्याच्या हातात आमचाच पेपर होता.

"मी दोन दिवस फोन करतोय. कुणी उचलत का नाही?" त्याने स्वागतिकेला विचारले.

"कुठल्या नंबरवर?"

"तुमच्याच. पेपरच्या कोपऱ्यात छापलाय तो."

तो नंबर माझा होता. मला बंद केले, पण पेपराच्या कोपऱ्यातून तो काढायचे कुणाला सुचले नव्हते. माणसाने माझ्याकडे पाहिले. माझ्या चकतीच्या मधोमध तोच नंबर लिहिलेला होता. त्याने तो वाचला, मग माझी लोंबणारी वायर पाहिली.

तेवढ्यात ताई बाहेर आली. तो जलतरण तलावावरचा जीवरक्षक होता. तलावात एक लहान मुलगी बुडून दगावली होती आणि आमच्या नव्या बातमीदाराने लिहिले होते, 'जीवरक्षक जागेवर नव्हता.' तलावाच्या व्यवस्थापकाने त्याला फोनवर तसे सांगितले होते. बातमीत खोटे एक अक्षर नव्हते.

"नव्हतोच मी जागेवर," तो माणूस म्हणाला. "व्यवस्थापकांनीच मला तिकिटाच्या खिडकीत बसवलं होतं. तिथला माणूस आला नव्हता. मी दोनदा म्हणालो, साहेब, पाण्यापाशी कुणी नाही. ओरडा ऐकला तसा धावत गेलो, उडी मारली. मीच बाहेर काढलं तिला. माझ्याच हातात होती ती, बाई."

ताईने त्याच्या हातातला पेपर घेतला आणि ती बातमी पुन्हा वाचली.

"आता कामावरून काढलंय. माझ्या पोरीच्या शेजारी वर्गात कुणी बसत नाही. तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."

"हो," ताई म्हणाली. "विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, तळाशी, खुलासा छापून आला. बातमी पहिल्या पानावर होती, खुलासा शोधावा लागत होता. ताई मालकांशी कडाकडा भांडली, पण चूक पहिल्या पानावर कबूल केली की पेपरची पत जाते, असे मालकांचे मत पडले. व्यवस्थापक अजून तलावावरच आहे. ज्याने बातमी लिहिली तो मुलगा वाईट नव्हता. त्याला वर्गात सगळे शिकवले होते, फक्त विचारायला शिकवले नव्हते.

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण पुढे त्या संस्थेने ताईला बोलावणे धाडले. चुकीनंतर पेपर कसा सावरावा यावर तिने नव्या संपादकांना मार्गदर्शन करायचे होते, याच जीवरक्षकाची गोष्ट सांगून. जायच्या दिवशी ती बॅग घेऊन माझ्या कपाटापाशी थांबली आणि तिने मोबाइलवरून मास्तरांना फोन लावला. पूर्वी मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. आता फक्त तिची ऐकू आली.

"मास्तर, निघतेय... हो, त्याचीच गोष्ट सांगणार आहे. लिहूनही काढलीय." मग ती थांबली. "त्याला?... नाही मास्तर. नाही विचारलं त्याला."

फोन ठेवून ती तिथेच उभी राहिली. मग तिने जीवरक्षकाचा नंबर काढून लावला. आवाज मोठा केला होता, म्हणून मलाही ऐकू आले. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असे एक यांत्रिक बाई सांगत होती. ताईने पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्याच्या घराला कुलूप असल्याचे आणि तो बायकापोरांसह कुठेसा निघून गेल्याचे स्वागतिकेने तिला हळूच सांगितले.

खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ताईने डोळे पुसले, लिहिलेले कागद बॅगेत घातले आणि ती गेली. तिचे भाषण सगळ्यांना फार आवडले म्हणे.

मित्रांनो, मी काचेआड आहे. मला पुसू नका, माझे फोटो काढू नका, माझ्यावर भाषणेही करू नका. कुणाबद्दल चार वाक्ये सांगायची असतील तर आधी त्या माणसाला एक फोन करा. तो उचलतोय तोवर करा.