माझ्यावरचा तपकिरी रंग

मी एक स्लाइड बोलतेय. बोटभर लांबीची काच, एवढंच माझं रूप. माझ्यावर एका बाईच्या अंडाशयातल्या गाठीचा पापुद्रा चिकटवलाय. ती बाई बस कंडक्टर. गाठ काढून वर्ष झालं होतं आणि कॅन्सरने पुन्हा डोकं वर काढलं होतं.

पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन असतं. ते बेसुमार झालं की या कॅन्सरला मोकळं रान मिळतं, असा आमच्या लॅबमधल्या सरांचा दावा. ते जिथे सापडेल तिथे रंग दिल्यावर आम्ही स्लाइडी तपकिरी होतो. मी तर चांगलीच गडद झाले.

"झकास," सर म्हणाले. "यांचं नाव नव्या औषधाच्या यादीत घाला." ते औषध नेमकं याच प्रथिनाला दाबणारं.

संशोधक ताईंना मात्र माझा संशय आला. मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या पुटपुटल्या, "कडेच्या निरोगी भागातही रंग? तिथे याचं काय काम?" आपल्यावर काय चढलंय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी रंगकाम करणाऱ्या काकांना विचारलं, "एखादी पायरी गाळलीत का?"

काकांचा चेहरा उतरला. "वीस वर्षं हेच करतोय. संशय घ्यायचाच तर बाटलीवर घ्या. रंगाआधीचं धुण्याचं द्रावण जुनं झालंय, मग रंग नको तिथेही चिकटतो. सरांना दोनदा सांगितलं, तर आहे त्यात भागवा म्हणाले."

ताईंनी प्रथिन ओळखणारं रसायन न घालताच एक स्लाइड रंगवली. तीही तपकिरी. म्हणजे हा रंग प्रथिनाचा नव्हताच.

"थोडाफार रंग चालतो," सर कुरकुरले.

"औषध बाईला द्यायचंय, सर. काचेला नाही."

सरांनी खरेदीच्या कागदावर सही केली. नवी बाटली आली, औषधासाठी तपासलेल्या चाळीसही जणींच्या स्लाइडी पुन्हा झाल्या. सव्वीस जणींत ते प्रथिन खरंच माजलेलं निघालं. म्हणजे सरांचा दावा अगदीच पोकळ नव्हता. पण कंडक्टरबाईंची नवी स्लाइड कोरी होती, म्हणून त्यांचं नाव यादीतून काढलं.

दोन दिवसांनी त्यांची मुलगी आली. "गेल्या आठवड्यात हो, आज नाही. विश्वास ठेवायचा कशावर?"

ताईंनी तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी मला दाखवलं, मग नवीला. काय चुकलं तेही लपवलं नाही.

मुलीने नव्या स्लाइडकडे बोट केलं. "ही तरी खरी कशावरून?"

"तीनदा केलीय. एकदा मी, एकदा काकांनी, एकदा दुसऱ्या लॅबने."

"आईने दवाखान्याची बॅग भरून ठेवलीय. तिला काय सांगू?"

"मी येते तुमच्याबरोबर," ताई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

माझ्यावर आता लाल पेनाने 'रद्द' लिहिलंय. त्याचं वाईट वाटत नाही. पण मला फेकू मात्र नका. पुढे कुणी रंगाचा एक डाग पाहून एखाद्या बाईचं नशीब ठरवायला निघालं, तर त्याला आधी माझ्याकडे बघायला लावा.