कुबडीवर जळणारा डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका घरात जिन्याखाली पडून असतो. मित्रांनो, मी एकटाच का, हे तुम्ही विचारण्याआधी सांगून टाकतो. माझा उजवा भाऊ आमच्या धन्याच्या, विश्राम शिपायाच्या, पायासकट काबूलच्या लढाईत गेला.

एका पायाचा शिपाई पलटणीला नको होता. पण विश्रामचं अक्षर सुरेख, म्हणून कल्याणच्या लष्करी इस्पितळात त्याला कारकून केलं. खाटेखाटेशी जाऊन जखमींची नावगावं टिपायची, त्यांची घरची पत्रं लिहायची. मला वाटलं, आता सगळा मान माझाच. कसचं काय! भावाच्या जागी आली एक लाकडी कुबडी. तिची टकटक ऐकली की जखमी म्हणायचे, "आले, कुबडीवाले कारकून आले!" बूटवाले म्हणून कुणी ओळखलं नाही. विश्राम तिला रोज तेल लावी आणि मी चिखलात. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटच्या खाटेवर तानाजी नावाचा तरणा शिपाई होता. तो जिवंत आहे हेही त्याच्या आईला ठाऊक नव्हतं, तरी तो पत्र लिहू देईना. एका सकाळी मात्र त्यानं हाक मारली, "दादा, लिवा आता. आईला कळू द्या."

विश्राम घाईनं उठला आणि कुबडी मोडली. मला कोण आनंद झाला! आता माझ्यावाचून अडणार होतं. विश्रामनं एका पायावर उडी घेतली, आणि नुकत्याच धुतलेल्या फरशीवर मीच घसरलो. तो आडवा पडला. उचलायला कुणी नव्हतं, डोलीवाले नवे जखमी आणायला स्टेशनवर गेलेले. मग जवळच्या खाटेवरच्या दगडूनं पडल्यापडल्या हात दिला. मग पुढच्यानं दिला. असा हाताहातांनी विश्राम शेवटपर्यंत पोचला. मला त्या हातांचाही हेवा वाटला.

तानाजी माझ्याकडेच टक लावून बघत होता.

"दादा, नशीबवान तुमी. एक बूट तरी घालाया मिळतोय."

त्याच्या घोंगडीखाली गुडघ्यांच्या पुढे काहीच नव्हतं.

विश्रामनं बोरू दौतीत बुडवला. "काय लिहू, तानाजी?"

"लिवा, मी येतोय. कसा येतोय, ते नका लिवू."

माझा हेवा करणारा उभ्या जन्मात तो एकच भेटला. पुढे नवी कुबडी आली, तिलाही तेल मिळालं. खोटं कशाला बोलू, मनातून थोडा जळलोच.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही तरी चालेल. पण आपल्याला वहाणा दोन लागतात, हे आपलं नशीब कधी विसरू नका.