पुरावा क्रमांक तीन

खून दातांच्या डॉक्टरने केला. हे वाक्य इथे लिहिलंच गेलं नाही आणि कुणी वाचलंही नाही, असं धरून चालू.

तर, समुद्राकाठच्या एका गावात धक्क्यावर एक काळा फळा होता, आणि त्या फळ्यावर रोज सकाळी साडेसहाला भरती-ओहोटीच्या वेळा लिहिणारा एक माणूस होता. भरती पांढऱ्या खडूने, ओहोटी निळ्या. गाव त्याला ओहोटीराव म्हणायचं. त्याच्याकडे बघून भरतीराव म्हणावं, असं कुणाला कधी सुचलं नव्हतं. लोक यायचे, आकडे वाचायचे, निघून जायचे. अकरा वर्षांत त्याच्याशी कुणी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य म्हणजे, ‘अहो, जरा बाजूला व्हा, आकडे दिसत नाहीत.’

मागच्या वर्षी मात्र एक लेखिका आली. बावीस दिवस राहिली आणि बावीस दिवस रोज फळ्यापाशी आली.

‘काका, समजा त्या खडकावरून एखाद्याला ढकललं, तर तो लागेल कुठे?’

‘पौर्णिमेला ढकललात तर बर्फाच्या कारखान्यामागे. अष्टमीच्या सुमाराला नका ढकलू. पाण्याला ओढच नसते. तिथल्या तिथे गोल फिरत बसेल बिचारा.’

ती लिहून घ्यायची. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, याचंच त्याला इतकं अप्रूप, की रात्री तो उद्याची उत्तरं घोकून ठेवायचा. जायच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. त्याने तिला स्वतःची छत्री दिली. काळी, मुठीला निळी सुतळी गुंडाळलेली.

‘तुम्ही तर पुस्तकातच हवेत, काका,’ असं म्हणून ती छत्रीसकट गेली.

पुस्तक आलं तेव्हा ओहोटीराव आधी केस कापायला गेला. आता लोक बघणार म्हटल्यावर माणूस जरा बरा दिसायला हवा.

‘वाचलंस का?’ सलूनवाला म्हणाला. ‘माझ्यावर पंधरा पानं संशय आहे, पंधरा! बायको एका हाकेत ओ द्यायला लागली.’

‘मी कितव्या पानावर आहे?’

‘तू?’ कात्री थांबली. ‘असशील रे कुठेतरी. जाडजूड पुस्तक आहे. खुनी मात्र दातांचा डॉक्टर. मी काही बोललो नाही हं.’

रविवारी फळा लिहून झाल्यावर तो खोलीवर आला, हाताचा खडू धुतला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि वाचायला बसला. बर्फाचा कारखाना होता. सलून होतं. धक्क्यावरच्या एका डोळ्याच्या मांजराला आख्खं प्रकरण दिलेलं होतं. फळा चार वेळा आला. चारही वेळा नुसता फळा, जणू आकडे त्यावर बुरशीसारखे आपोआप उगवत होते.

खुन्याने ओहोटीची वेळ मिनिटावर साधली होती. एवढं गणित तोंडपाठ असलेला माणूस गावात एकच, आणि रात्रीच्या वेळी तो घरी एकटाच. साक्षीदार नाही. अकरा वर्षांत नाही. असा आयता संशयित हाताशी असताना इन्स्पेक्टर धक्क्यावरून दोनदा गेला, त्यातही एकदा शीळ घालत.

पान एकशे त्रेचाळीसवर मात्र तो थांबला. पुरावा क्रमांक तीन: काळी छत्री, मुठीला निळी सुतळी. मालक बेपत्ता. ‘ही छत्री कुणाची?’ असं इन्स्पेक्टर दोन प्रकरणं गावभर विचारत फिरला.

‘माझी,’ ओहोटीराव मोठ्याने म्हणाला. खोलीत कुणी नव्हतं.

मग डॉक्टरने काही कारण नसताना गुन्हा कबूल केला आणि पुस्तक संपलं. छत्री पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात तशीच. रहस्यकथा म्हणून हे साफ फसलेलं आहे, हे त्यालाही कळलं. पण त्याचं दुखणं वेगळं होतं.

दुपारी ताईचा फोन आला. दर रविवारी यायचा.

‘अरे, खुनाच्या पुस्तकात नाहीस हे बरंच की!’

‘संशयित तरी, ताई.’

‘तुझं आपलं काहीतरीच. लहानपणी लपाछपीत तुला शोधायचं विसरून आम्ही जेवायला बसलो, तेव्हाही असाच रुसला होतास. किती वेळ होतास रे माळ्यावर?’

‘दिवेलागणीपर्यंत.’

‘मग आवाज का नाही दिलास?’

‘आवाज दिला तर आऊट होतो ना.’

ताई म्हणाली, ‘या वेळी दे.’

फोन ठेवून त्याने बंदर कार्यालयाचा कोरा कागद काढला.

‘प्रति, मा. तपास अधिकारी, पान एकशे त्रेचाळीस, मार्फत प्रकाशक.

विषय: पुरावा क्रमांक तीन.

महोदय, सदर छत्री माझी आहे. ती परत नको. परंतु गुन्ह्याच्या वेळी मी कुठे होतो, हे मला अद्याप कुणीही विचारलेले नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देत आहे. मी रोज सकाळी साडेसहापासून फळ्यापाशी असतो. आकडे दिसावेत म्हणून जरा बाजूला. तरी पुढील आवृत्तीत मला चौकशीसाठी समक्ष बोलवावे व किमान एक प्रश्न विचारण्यात यावा, ही नम्र विनंती.’