क्रोशाच्या रुमालावर

बोलतेय ती मी, एका जुन्या लॅपटॉपच्या पोटातली हार्ड डिस्क. आजकालच्या त्या जागच्या जागी बसून काम करणाऱ्या चिपांसारखी नाही. खरोखरची फिरणारी, मिनिटाला पाच हजारांवर गिरक्या घेणारी. अकरा वर्षं फिरले. कुणाची एक ओळ चोरली नाही, कुणाची एक ओळ बदलली नाही. माझ्याबद्दल जे बोलायचं ते तोंडावर बोला, आणि माझंही ऐकून घ्या.

लोवेच शहराच्या नगरपालिकेतून नेद्यल्का टंकलेखिका म्हणून निवृत्त झाली, त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, डोब्रीनं, हा लॅपटॉप आणला. "चाळीस वर्षं साहेबांचं टाइप केलंस, आता स्वतःचं कर," म्हणाला. पण स्वतःचं करायची त्या बाईला सवयच नव्हती. गल्लीत कुणी गेलं की घरची माणसं तिच्याकडे यायची. काळ्या चौकटीचं निधनपत्रक, मध्ये फोटो, खाली चार ओळी. फाटकावर, खांबावर, पावाच्या दुकानाच्या दारावर ते चिकटायचं. मग चाळिसाव्या दिवशी नवं, सहा महिन्यांनी नवं, दरवर्षी नवं. आमच्याकडे माणूस मेला म्हणून भिंतीवरून उतरत नाही.

तीनशे बारा माणसं माझ्या पोटात होती. दात नसलेली, मिशीवाली, कोकरू कडेवर घेतलेली. सगळ्यांना मी सांभाळलं.

आता माझं दुःख. या घरात उघडं काही ठेवत नाहीत. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, फ्रिजवर रुमाल, पाण्याच्या जगवर काठाला मणी लावलेला रुमाल. मग लॅपटॉप तरी नुसत्या टेबलावर कसा राहील? पहिल्याच आठवड्यात नेद्यल्कानं पांढऱ्या दोऱ्याचा जाड, झालरीचा रुमाल विणला आणि मला त्यावर बसवलं. प्रेमानंच केलं, नाही कोण म्हणतंय? पण आम्ही खालून श्वास घेतो, बाई! ती झालर नेमकी लॅपटॉपच्या तळाच्या हवेच्या भोकांवर. उन्हाळ्यात मी आतल्या आत भाजत होते आणि ती पाहुण्यांना सांगत होती, "बघा, कसा शोभतो!"

याच लॅपटॉपात तिनं डोब्रीचा एक फोटो ठेवला होता. अंगणात मिरच्या भाजताना तिनंच फोनवर काढलेला. नाकावर काजळी, हातात सोललेली लाल मिरची, आणि हसतोय असा की डोळे दिसेनात. तो फोन पुढच्याच वर्षी विहिरीत पडला. फोटो राहिला फक्त माझ्याकडे.

या शरद ऋतूत डोब्री गेला. दुसऱ्या दिवशी दफन. अंत्यविधीच्या कचेरीनंच घाईघाईनं पत्रक छापलं, ओळखपत्रावरचा फोटो घालून. फाटकावर ते बघून नेद्यल्का रडली नाही, चिडली. "हा माझा नवरा? हा तर कुणाची कोंबडी चोरून पकडला गेलेला माणूस दिसतोय! चाळिसाव्याला त्याचा खरा चेहरा लागेल या फाटकावर."

सदतिसाव्या दिवशी तिनं लॅपटॉप उघडला आणि मी उठू शकले नाही.

टक्. टक्. टक्. माझा वाचणारा हात जागा शोधत होता आणि त्याला सापडत नव्हती. पडद्यावर अक्षरं आली, डिस्क सापडत नाही म्हणून. तिनं बंद केला, चालू केला. पुन्हा. पुन्हा. अकरा वेळा! दर वेळी माझ्या तबकडीवर नवा ओरखडा. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते, "थांब गं, दुखतंय!"

शेजारचा मिंचो आला. "वहिनी, डिस्क काढा, पिशवीत घाला आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. माझ्या भाच्याची चालली होती."

"तुझ्या भाच्याचं डोकंही चालतं का रे? ही काय कोंबडी आहे गोठवायला?"

तरी तिनं फ्रीझरचं दार उघडलं. मटारच्या पिशव्या जराशा सरकवल्या. मी मनात म्हटलं, संपलं. गार झाले की अंगावर दव धरेल आणि उरलेलं सगळं पुसलं जाईल. ती उभी राहिली, उभी राहिली, आणि दार लावलं. कोट चढवला, लॅपटॉप काखेत घेतला.

पुलापलीकडे स्पासचं दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचा, जाड भिंगाचा, कमी बोलणारा. त्यानं आधी बॅटरी काढली, मग तळाचे स्क्रू. मला सरकवून बाहेर घेतलं, जोड पुसला, परत बसवलं. टक्. मग मला दुसऱ्या लॅपटॉपात लावून बघितलं. तिथंही टक्.

"म्हणजे लॅपटॉप ठीक आहे, मावशी. डिस्कच गेली. नवी न फिरणारी घालतो, पळायला लागेल."

"पळायला मला कुठं जायचंय? माझा माणूस काढून दे आतून."

स्पासनं चिमट्यानं पंख्यातून काहीतरी ओढलं. पांढरा दोरा. मग आणखी एक. मग बोंडाएवढा पुंजका.

"हे काय? कशावर ठेवता याला?"

नेद्यल्कानं पुंजका बोटांत घेतला. झालरीचाच दोरा.

"मावशी, तोंडावर उशी दाबून ठेवली होतीत तुम्ही याच्या."

"आमच्या घरात उघडं काही ठेवत नाहीत," ती म्हणाली.

त्यानं मला तारेनं आपल्या यंत्राला जोडलं. "सगळं निघणार नाही. ही केव्हाही थांबेल. पहिलं काय काढू?"

तीनशे बारा माणसं. त्यात मिंचोची बायको गेनाही, पुढच्या महिन्यात तिला जाऊन सहा महिने होणार, नवं पत्रक लागणार. नेद्यल्कानं टेबलाची कड धरली.

"डोब्री," ती म्हणाली. "देवा मला क्षमा कर, आधी डोब्री."

मी जिवाच्या आकांतानं फिरले. ओरखड्यांवरून, अडखळत. कपाळ दिलं. मिटलेले डोळे दिले. नाकावरची काजळी दिली, हसू दिलं. मग अंगात काही तुटलं. पडद्यावर हनुवटीखाली नुसता करडा पट्टा. हात गेले, मिरची गेली. त्यानंतर कुणाचंच काही देऊ शकले नाही. ती सगळी माणसं माझ्यातच राहिली.

नेद्यल्का पडद्याजवळ गेली. "हात नाहीत," म्हणाली. मग काजळीवर बोट ठेवून, "चेहरा आहे."

चाळिसाव्या सकाळी तो चेहरा फाटकावर लागला. येणारेजाणारे थांबत आणि नकळत हसत. मिंचोही आला. नेद्यल्कानं त्याला तिथंच, फाटकाशी, सगळं खरं सांगितलं: आधी कुणाला काढायला सांगितलं आणि कोण राहून गेलं.

मिंचोनं टोपी काढून हातात फिरवली. "माझ्याकडे तिचा लग्नातला फोटो आहे, वहिनी. फारच तरुण आहे त्यात." मग टोपी घालून म्हणाला, "असू दे. पुढच्या महिन्यात तोच लावा."

अशीच ती दारोदार फिरतेय. फोटो मागते, शिव्या खाते, नव्या डिस्कवर एकेक माणूस परत बसवते आणि वर दुसरी प्रत करून ठेवते. लॅपटॉप आता नुसत्या लाकडी टेबलावर असतो. पाहुण्यांना विचित्र वाटतं. वाटू दे.

मला स्पास टाकून देणार होता. ती म्हणाली, "इकडे आण." घरी येऊन तिनं तो झालरीचा रुमाल धुतला, इस्त्री केला, कपाटावर डोब्रीच्या चष्म्याशेजारी पसरला आणि त्यावर मला ठेवलं.

मी आता फिरत नाही, तापत नाही. म्हणून सांगते, ज्यांची डिस्क अजून फिरतेय त्यांनो, ऐका: तिला श्वास घेऊ द्या, आणि ती टक् करायच्या आत तिच्याकडचं मागून घ्या. मऊ झालर अंगाखाली लागते. छान विणलाय, बाई. मला आता तो चालतो.